खिळा कुणी ठोकायचा?

चित्र काढणारा एक आणि लावणारा दुसरा, ही वाटणी आपण मुकाट्यानं मान्य केलीय. काढणाऱ्यानं रक्त आटवायचं. मग ते कुठल्या भिंतीवर, किती उंचीवर, कुणाच्या शेजारी, उजेडात का अंधारात, हे भलत्याच कुणीतरी ठरवायचं. लिहिण्याच्या बाबतीत ही वाटणी आपल्या आधीच्यांनी मोडली. मोठ्या मासिकांचे संपादक दारात उभं करीनात, तर पोरांनी स्वतःची मासिकं काढली. १९५४ साली मुंबईत ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून निघालं. साठच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ निघू लागलं. १९७२ साली पँथर उभी राहिली ती तर कवी-लेखकांनीच उभी केली. छापायचं यंत्र आपल्या हातात आलं. भिंत मात्र अजून दुसऱ्याच्याच ताब्यात आहे.

हे आत्ताच बोलायचं कारण असं की आम्ही अकरा जण मिळून माहूरला चित्रप्रदर्शन लावतोय. नांदेडचे सहा, लातूरचे तीन, माहूरचे दोघं. त्रेचाळीस चित्रं. जागा समाजमंदिराची. वर पत्रे, चार भिंती, दोन ट्यूबलाइटी आणि उत्तरेच्या भिंतीला कायमची ओल. एकही खिळा अजून ठोकलेला नाही आणि सल्ले मात्र धो धो यायलेत. कुणी म्हणतो, साडेतीन पीठांतलं गाव आहे, जपून. कुणी म्हणतो, बाबासाहेब समोर लावा, बाकीचं कुठं का असंना. नोकरीला लागलेला आपलाच एक शिकलेला माणूस म्हणाला, ‘‘चित्रं काढलीत ना, झालं की. टांगायचं काय, शिपाई बी टांगतो.’’

दोस्तहो, मला भांडायचंय ते या तिसऱ्या सल्ल्याशी. पहिले दोन त्याच्याच पोटातून निघालेत.

शिपाई टांगतो, खरंय. पण कुठं टांगायचं ते शिपायाला कोण सांगतं? १८५५ साली पॅरिसमध्ये सरकारी जागतिक प्रदर्शन भरलं. कूर्बे नावाच्या चित्रकाराची काही मोठी चित्रं परीक्षकांनी नाकारली. त्यातलं एक होतं खेड्यातल्या साध्या माणसांच्या मयताचं. एवढ्या मोठ्या कापडावर तोवर देव आणि राजे बसत होते, तिथं यानं गावचे लोक उभे केले होते. कूर्बेनं रडगाणं गायलं नाही. प्रदर्शनाच्या जवळच स्वतःचा मांडव उभा केला, दाराला तिकीट लावलं आणि स्वतःची चित्रं स्वतः मांडली. आपल्या मुंबईत १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींचं प्रदर्शन होतं. गॅलरी तेव्हा दोन वर्षांची. ‘लव्हर्स’ नावाची दोन चित्रं अश्लील आहेत, उतरवा, म्हणून पोलीस आले. पदमसींनी उतरवली नाहीत. खटला झाला, ते सुटले. खिळ्यावरून चित्र काढायला नकार देणं ही त्या माणसाची सगळ्यांत मोठी मांडणी होती.

आणि आपण ज्यांचं नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरांच्या मुलखात बघा. १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं हार्लेमवर भलंमोठं प्रदर्शन भरवलं. काळ्या माणसांचे फोटो भिंतीभर, आणि काळ्या चित्रकाराचं एकही चित्र नाही. हार्लेममध्ये चित्रकार नव्हते काय? होते, ते बाहेर रस्त्यावर फलक घेऊन उभे होते. दोन वर्षांनी, १९७१ला, व्हिटनी म्युझियमनं काळ्या चित्रकारांचं प्रदर्शन ठरवलं, पण मांडणी करणाऱ्यांत काळा माणूस घ्यायची मागणी डावलली. पंधरा जणांनी आपली चित्रं परत घेतली. म्हणजे चित्र भिंतीवर चढवायचा हक्क आणि उतरवून घ्यायचा हक्क, दोन्ही चित्रकाराचे. हे शिपायाचं काम असतं तर एवढा राडा झाला असता?

आता तयारीचं बोलू. तयारी म्हटली की आपल्यातले विचारवंत जांभया देतात. पण आपला इतिहास तयारीतच गाडलाय. अजिंठा आपल्या मराठवाड्यात आहे. तिथलं चित्र काढायच्या आधी खडबडीत कातळावर मातीचा गिलावा चढवावा लागला. त्या मातीत भाताचं तूस, गवताचे तंतू मळले. वर चुन्याचा पातळ हात दिला. मग कुठं गेरू, पिवळी माती, काजळी. सोळाव्या लेण्यात दान देणाऱ्याचं नाव कोरलंय, वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव. माती मळणाऱ्याचं नाव कुठं आहे? दीड हजार वर्षं तो गिलावा धरून आहे म्हणून बोधिसत्त्व दिसतो. जो हात दिसत नाही त्याच्यावर सगळं उभं असतं, आणि तो हात कुणाचा असायचा हे मी तुम्हांला सांगायला नको.

म्हणून आम्ही ठरवलं, तयारी सगळ्यांनी करायची. आमच्यातला सगळ्यांत मोठा साठीतला पेंटर आहे. उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या, ट्रकची अक्षरं आणि जयंतीला भिंतीवर चौकोन पाडून बाबासाहेब काढले. फ्लेक्स आला आणि त्याच्या हातातला ब्रश गेला. कला महाविद्यालयातून आलेल्या पोरांना कॅनव्हास आयता दुकानातून आणायची सवय. पेंटरकाकानं मांजरपाट आणायला लावलं. चौकटीवर कापड ताणायचं ते मधून सुरू करायचं, समोरासमोर एकेक चुका मारत कोपऱ्याकडं जायचं. कोपऱ्यापासून सुरू केलं की झोळ पडतो. मग पातळ सरस. तो वाळला की झिंक ऑक्साइड आणि खडूची पूड सरसात कालवून दोन-तीन हात, दर हाताला पॉलिश पेपर. कागदावरच्या जलरंगांना पुठ्ठ्याची किनार हवी, कागद काचेला चिकटू द्यायचा नाही. नाहीतर ओल धरून बुरशी येते. तैलरंग वरून वाळले तरी आतून महिनोन्‌महिने ओले असतात, ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून एस.टी.च्या टपावर टाकले की संपलं. नायलॉनची दोरी वजनानं सैल पडते, तार घ्या. एका खिळ्यावर चित्र तिरकं होतं, दोन मारा. ज्या भिंतीला ओल आहे तिथं बांबू उभे करून गोणपाट ताणा, चित्र भिंतीपासून वीतभर लांब.

यात क्रांती कुठंय, असं तुम्ही विचाराल. क्रांती यात आहे की अकरा जणांत मालक कुणी नाही आणि गडीही कुणी नाही. ज्यानं मुंबईला डिप्लोमा केला तो खडू कुटतोय आणि ज्यानं सातवीत शाळा सोडली तो त्याला शिकवतोय. फ्रेमचंही असंच. तालुक्यात फ्रेमवाला असतो तो देवादिकांच्या तसबिरींना सोनेरी पट्टी लावतो, बाबासाहेबांच्या फोटोलाही तीच. कर्ज काढून सोनेरी पट्टी लावायचं काही कारण नाही. साधी सागाची नाहीतर बाभळीची पट्टी, सुताराकडून कापून आणलेली, पुरते. गरिबीचं प्रदर्शन करायचं म्हणून नव्हे. सोन्याच्या चौकटीत बसलं की आपलं चित्रसुद्धा तसबीर होतं, म्हणून.

आता भिंत. भिंतीला हात लावायच्या आधी सगळी चित्रं जमिनीवर ठेवायची, जिथं लागणार त्या भिंतीच्या पायाशी. मग फिरायचं, अदलाबदल करायची, पुन्हा फिरायचं. जगातले सगळे जाणते असंच करतात. फरक एवढाच की मोठ्या गॅलरीत हे दार लावून होतं. आम्ही दार उघडं ठेवलं. वस्तीतल्या बाया आल्या, पोरं आली, चिमटे काढून गेली. एक म्हातारी म्हणाली, ‘‘एवढ्या वर लावलाव तर मला काय दिसंल? फ्रेमीचं बूड?’’ तिचं खरं आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, चित्राचा मध्य जमिनीपासून साठ इंचांच्या आसपास ठेवा, माणसाच्या नजरेच्या रेषेत. कुठल्या माणसाच्या? उंच, शहरी, पोटभर जेवलेल्या पुरुषाच्या. आमच्या आया वाकून वाकून साडेचार फुटांच्या राहिल्यात. आम्ही मध्य बावन्न इंचांवर आणला. उंच माणसानं थोडं वाकावं. त्याला कधी वाकायची वेळ आली नाही, येऊ द्या.

खरा वाद इथून पुढं आहे. समोरच्या भिंतीवर काय?

बहुतेकांचं म्हणणं, बाबासाहेबांची जेवढी चित्रं आहेत तेवढी समोर, ओळीनं. सात आहेत. मी विरोध केला आणि इथं पुन्हा करतो. ज्या माणसानं २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बजावलं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते, त्या माणसाचा गाभारा करून त्याच्यापुढं उदबत्ती लावायची? सात चित्रं सात ठिकाणी जाऊ द्या. किल्लारीच्या चित्राशेजारी एक लावा; लातूरच्या पोरानं ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप आजीकडून ऐकून काढलाय, घर नाही, नुसती उभी राहिलेली चौकट आहे. पाण्याच्या रेल्वेशेजारी एक लावा. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या नळावरची रांग त्यात आहे. चवदार तळ्याचा माणूस त्या रांगेशेजारी उभा राहिला की बघणाऱ्याला भाषण लागत नाही.

दुसरं टोक म्हणजे, ज्यात निळा रंग नाही, मोर्चा नाही, ते चित्र ‘बिनराजकीय’ म्हणून दाराआड. आमच्यातल्या एकानं पैनगंगेकाठचा फुललेला पळस काढलाय. बाकी काही नाही. त्याला विचारलं गेलं, यात विद्रोह कुठंय? अरे, सातशे वर्षं आपल्याला फूल बघायला फुरसत दिली नाही कुणी. आपल्या पोरानं नुसतं फूल काढलं आणि ते चांगलं काढलं, तर ते चांगल्या उजेडात लागलं पाहिजे. आपला माणूस फक्त जखमच काढणार, ही अपेक्षा त्यांची आहे. ती आपण कशाला पाळायची?

आणि आता ते चित्र, ज्याच्यावरून झोप उडालीय. आमच्यात दोनच पोरी आहेत. अकरांत दोन, हा आकडा आपल्या चळवळीनं नीट वाचावा. त्यातल्या एकीच्या चित्राचं नाव ‘धड’. चार बाय पाच फुटांचं. रेणुकेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नवऱ्यानं हुकूम सोडला, पोरानं आईचं मुंडकं उडवलं. माहूरच्या गाभाऱ्यात देवीचं नुसतं मुख आहे. या पोरीनं विचारलं, मुख गडावर पुजलं जातंय, मग धड कुठं गेलं? आणि तिनं धड काढलं. बिनमुंडक्याचं, बाईचं, रानात कापूस वेचणारं. कमरेला ओटी बांधलेली, हाताला बोंडांचे ओरखडे, टाचेला भेगा. दक्षिणेत तर गोष्ट अशीही सांगतात की आईबरोबर एका अस्पृश्य बाईचंही मुंडकं उडालं आणि जोडताना अदलाबदल झाली. मुंडकं एकीचं, धड दुसरीचं. ते दुसरं धड कुणाच्या वस्तीतलं, हे ही पोरगी विचारतेय.

समाजमंदिराची किल्ली ज्यांच्याकडं आहे ते म्हणतात, हे एवढं काढा. फार झालं तर मागच्या भिंतीला, ओलीकडं लावा. गंमत बघा, पोचिराम कांबळेंच्या चित्राला कुणाचा विरोध नाही. ४ ऑगस्ट १९७८ला याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीत नामांतराच्या आगीत ज्यांना मारलं, त्या पोचिराम कांबळेंचं चित्र समोर लागलंच पाहिजे, मीही म्हणतो. पण सवर्णांनी मारलेला आपला पुरुष समोर लावताना जे छाती काढतात, तेच घरात, रानात, देवाच्या नावानं रोज कापली जाणारी आपली बाई समोर आली की म्हणतात, जपून. देवाला पोरी सोडायच्या विरोधात मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा झाला, महाराष्ट्राला पुन्हा २००५ साली करावा लागला. कायद्याला एवढा वेळ लागतो, कारण आपल्यासकट सगळेच म्हणत असतात, जपून.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून पुढं जाणं बेइमानी होईल. आपल्याच आया नवरात्रात जोगवा मागतात. परडी घेऊन गड चढतात. बावीस प्रतिज्ञा घेतल्या तरी कित्येक घरांत कोपऱ्यात देवी आहे. या चित्रानं त्यांच्या काळजाला लागलं तर? लागू शकतं. म्हणून चित्र लपवायचं, हा त्यांचा मान राखणं नाही; त्यांना समजत नाही असं परस्पर ठरवून टाकणं आहे. मान राखायचा तर त्यांना आधी दाखवा. जमिनीवर चित्रं होती तेव्हा बाया येऊन त्याच्यापुढं बसल्या. एक उठून गेली, बोलली नाही. एक म्हणाली, ‘‘टाचा माझ्याच हायत.’’ तिसरीनं त्या पोरीला विचारलं, ‘‘मुंडकं का न्हाई काढलंस?’’ आणि दोघी तासभर बोलत बसल्या. ज्यांच्या भावनेची काळजी पुरुषांना पडलीय त्या बाया पुरुषांपेक्षा धीट निघाल्या. उठून गेली तिचाही हक्क आहे. तिला परत कसं बोलवायचं हे त्या पोरीनं आणि आम्ही बघायचं. चित्र गुंडाळून ठेवणं हा त्याच्यावरचा उपाय नाही.

माझं मत असं: ‘धड’ समोरच्या भिंतीवर, मधोमध, बावन्न इंचांवर, चांगल्या ट्यूबखाली. शेजारी पोचिराम कांबळे, त्याच उंचीवर. आणि एक नियम कायमचा. कुठलं चित्र कुठं लागेल हे सगळ्यांनी मिळून ठरवावं, पण चित्र लागेल का नाही यावर मत टाकायचं नाही. ते फक्त काढणारी किंवा काढणारा ठरवेल. बहुमतानं चित्र उतरवायला शिकलो, तर उद्या गावच्या बहुमताला आपण काय तोंडानं नाही म्हणणार?

नावपट्टीवरून पण बराच खल झाला. एकाला आडनाव नको, एकाला आडनावच मोठ्या अक्षरांत पाहिजे. ज्याचं त्यानं ठरवावं. पट्टी मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्राच्या उजव्या हाताला खाली. आणि किंमत लिहा. लाजू नका. कापड, लाकूड, रंग, आणि जेवढे दिवस लागले तेवढ्या दिवसांची मजुरी, मांडून बेरीज करा. फुकट राबायची सवय आपल्याला लावली गेलीय, ती इथं तरी मोडू द्या.

मोठ्या गॅलऱ्यांबद्दलही सांगून ठेवतो. दारं आता थोडी किलकिली झालीत. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं नि पाठीला झाडू बांधलेला माणूस आणि देवदासी काढून ती दारं वर्षानुवर्षं ठोठावली. २०२२च्या बर्लिन बिएनालेत प्रभाकर कांबळे, मयुरी चारी, बिरेंदर यादव यांची कामं लागली. चांगलंच झालं, अभिमान आहे. पण उद्या कुणी आपल्याला बोलावून ‘दलित कला’ अशी पाटी लावलेल्या वेगळ्या खोलीत टांगलं, तर ती खोली म्हणजे गावकुसाबाहेरचीच जागा, फक्त एसी असलेली. बोलावणं आलं की पहिला प्रश्न विचारा: मांडणीच्या टेबलावर आमचं कोण आहे?

मुंबई-पुण्याच्या साथींनो, तुम्ही म्हणाल, माहूरला कोण बघणार? मुंबई आमच्यापासून सहाशे किलोमीटरच्या पुढं आहे. तितकंच माहूर तुमच्यापासून. नवरात्रात, दत्तजयंतीला इथं माणसांचा पूर लोटतो, तेवढी माणसं काळा घोड्यावर येत नाहीत. किल्लीवाल्यांनी समाजमंदिर नाही दिलं तर बांबू आणि गोणपाट आमच्याकडं आहे. रस्त्याच्या कडेला उभं करू. एमरी डग्लसनं ऑकलंडमध्ये पँथरच्या पेपरात चित्रं काढली तेव्हा गॅलरी कुठं होती? गल्लीतल्या भिंतीवर चिकटलं तिथं प्रदर्शन झालं.

तेव्हा शुभेच्छांची पत्रं पाठवू नका. तुमच्या वस्तीत दहा पोरं-पोरी चित्रं काढत असतील, त्यांना एकत्र करा आणि लावायचं काम आधी शिका: कापड ताणणं, काच बसवणं, तार ओढणं, उंची ठरवणं, भांडून जागा ठरवणं. आणि माहूरला येणार असाल तर दोन दिवस आधी या, उद्‌घाटनाला नको. हातोड्या दोन आहेत, स्टूल एकच आहे आणि पाणसळ अजिबात नाही. ती घेऊन या.